गहाळ अंकांच्या शोधात: ठाणे ते बेलापूर

गुरुवार: खोपट, पाचपाखाडी, नौपाडा

संक्रांत नुकतीच झाली होती आणि हवा कोरडी होती. कुणाची जुनी कॉमिक्स बघायला जायचं तर याच दिवसांत जावं. नौपाड्यातल्या काकांनी फोनवर आधीच बजावलं होतं, "पावसाळ्यात आलात तर चहा देईन, पण कपाट उघडणार नाही." म्हणून बेत जानेवारीवर ढकलला, नाशिकहून सकाळची एसटी धरली आणि कसारा घाट, शहापूर, भिवंडी बायपास करत दुपारी खोपटला उतरले. पिशवीत माझ्याकडचे दुबार अंक होते. दोन्ही बाजूंनी पुठ्ठा, त्यावर प्लॅस्टिक, त्यावर जुनी सुती साडी. ती पिशवी काही वरच्या फळीवर टाकवेना, अख्खा रस्ता मांडीवरच होती.

ठाण्यात आणि नवी मुंबईत कॉमिक्स जमवणारी ओळखीची माणसं आहेत. त्यांच्याकडे जायचं, संग्रह बघायचे, अदलाबदल करायची आणि रविवारी सगळ्यांनी बेलापूरला एकत्र बसायचं असं ठरलं होतं. कॉमिक्सवाली दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला: तुमच्याकडे किती? आम्हीही इतकी वर्षं फोनवर एकमेकांना आकडेच सांगत आलो होतो. आकड्यावरून संग्रह कळत नाही असं माझं मत बनत चाललं होतं, ते प्रत्यक्ष बघून ताडून घ्यायचं होतं.

पाचपाखाडीला मावशीकडे सामान टाकलं. गुळपोळी आणि तूप खाल्ल्याशिवाय तिनं सोडलं नाही. मग चारच्या सुमाराला चालतच नौपाडा गाठला.

काका बँकेतून निवृत्त झालेले. गोखले रोडच्या आतल्या गल्लीत जुनी इमारत, दुसरा मजला, आतल्या खोलीत गोदरेजचं कपाट. साड्यांसाठी असतं तसलं कपाट, पण चारही कप्प्यांत फक्त इंद्रजाल कॉमिक्स. "हात धुवून या आणि पूर्ण कोरडे करा," एवढं सांगून त्यांनी स्वतः पहिला गठ्ठा काढला.

इंद्रजाल टाइम्स ऑफ इंडियानं मार्च 1964 मध्ये सुरू केलं. पहिल्या अंकात वेताळाची, म्हणजे मूळच्या 'फँटम'ची, गोष्ट होती आणि किंमत 60 पैसे. 1990 मध्ये ते बंद पडलं. मधल्या काळात वेताळाशिवाय मॅन्ड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप कर्बी, गार्थ असे परदेशी नायक आले, आणि 1976 मध्ये आबिद सुरतींचा बहादूर आला. चंबळचे दरोडेखोर, नागरिक सुरक्षा दल, साथीदार बेला. गोविंद ब्राह्मणियांनी काढलेला तो भगव्या कुडत्यातला आणि जीन्समधला बहादूर आमच्या पिढीला वेताळापेक्षा जवळचा वाटायचा, कारण त्याच्या गोष्टीतली गावं आपल्या एसटीनं जाता येईल अशी दिसायची.

काकांचा इंग्रजी संच पूर्ण आहे. पूर्ण म्हणजे 803 अंक. इथे नवखा माणूस हटकून अडकतो. क्रमांक 805 पर्यंत जातात, पण 123 आणि 124 हे अंक निघालेच नाहीत, टाइम्समध्ये तेव्हा संप होता. रद्दीच्या दुकानांत वर्षानुवर्षं या दोन अंकांची चौकशी करणारी माणसं काकांनी पाहिली आहेत. पुढे सलग क्रमांकाऐवजी खंड आणि अंक अशी पद्धत आली, त्यानं यादी करणाऱ्याचा गोंधळ आणखी वाढतो. काकांनी दोन्ही पद्धतींचा मेळ घालणारा तक्ता लेजरच्या कागदावर आखला आहे. रकाने बघूनच कळतं की माणसानं उभा जन्म बँकेत काढला: अनुक्रम, भाषा, महिना, नायक, मुखपृष्ठ आहे की नाही, पिना मूळच्या की बदललेल्या, शेवटचं पान, आणि 'कोणाकडून'. शेवटच्या रकान्यात अंबरनाथ, डोंबिवली, पेण, महाड अशी गावं आहेत.

बोलता बोलता त्यांनी मला एक जुना अंक आणि लागून एक परदेशी आवृत्ती दाखवली. ली फॉकनं वेताळ 1936 मध्ये आणला तेव्हा त्याच्या जंगलाचं नाव 'बंगाल'शी मिळतंजुळतं होतं. आपल्याकडे छापताना ते डेंकाली केलं. चाच्यांच्या टोळीचं 'सिंग' हे नाव होतं, ते 'सिंगा' झालं. वर्तमानपत्रातल्या आडव्या पट्ट्या उभ्या पानावर बसवायच्या म्हणून कितीतरी चौकटी कापल्या किंवा वाढवल्या गेल्या. दोन्ही शेजारी ठेवल्यावर एका चौकटीत झाडाची फांदी जास्त आहे आणि दुसरीत घोड्याचं शेपूट गायब आहे हे मला दिसलं. तासभर आम्ही तेवढंच करत बसलो होतो. संग्रह बघणं म्हणजे माझ्या लेखी हेच.

मग त्यांनी खालचा कप्पा उघडला. मराठी इंद्रजाल. आठशेच्या इंग्रजी गठ्ठ्यांपुढे हा कप्पा अर्धाही भरत नव्हता. आणि अवस्था! मुखपृष्ठं नाहीत, पिनांच्या जागी जाड दोऱ्याचे टाके, मागच्या पानावरच्या सामान्यज्ञानाखाली पेन्सिलनं लिहिलेली बेरीज-वजाबाकी, कोपऱ्यावर 'इयत्ता 5 वी ब'. कारण उघड आहे. इंग्रजी अंक ज्या घरात यायचे तिथे ते बहुधा कपाटात जायचे. मराठी अंक उन्हाळ्याच्या सुट्टीत किराण्याच्या दुकानात दोरीवर लटकायचे आणि भाड्यानं वाचायला मिळायचे. भाड्याचा अंक टिकावा म्हणून दुकानदार त्याला खाकी पुठ्ठा डकवायचा आणि मधून जाड सुई घालायचा. एकेक अंक वाड्यातली सगळी मुलं वाचायची, मग पुढच्या आळीत जायचा, आणि जूनमध्ये शाळा उघडली की रद्दीत. मराठी अंक भरपूर वाचले गेले म्हणूनच संपले.

काकांनी मराठीचं स्वतंत्र छोटं बुक ठेवलं आहे. त्यात असलेले अंक नाहीत, फक्त नसलेले आहेत. त्यांनी ते माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "माझा संग्रह बघायचा तर हे वाचा." मी माझ्या पिशवीतले अंक काढले. त्यातला मराठी बहादूरचा एक अंक त्यांच्या बुकात होता. त्यांनी तो नंबर खोडला तो लाल पेननं, पट्टी लावून, आणि बदल्यात काय देऊ म्हणून अर्धा तास कपाटापुढे उभे राहिले. मला मुखपृष्ठासकट मराठी वेताळ मिळाला.

शुक्रवार: ग्रंथसंग्रहालय, रद्दी, वसंत विहार

सकाळी मराठी ग्रंथसंग्रहालयात गेले. 1893 सालची ही संस्था. ठाण्यात येऊन तिथे डोकावलं नाही असं मी करत नाही. तिथल्या जुन्या मासिकांमध्ये वेळ गेला, पण तो या लेखाचा विषय नाही. एवढंच मनात आलं की कादंबऱ्या आणि दिवाळी अंक सांभाळायला आपण सव्वाशे वर्षांपूर्वी संस्था उभारल्या, चित्रकथा सांभाळायचं काम मात्र घरातल्या कपाटांवर सोडलं.

तलावपाळीला वळसा घालून जांभळी नाक्याकडे गेले. काकांनी दोन रद्दीवाले सांगितले होते. रद्दीवाल्याकडे जायची रीत असते. आधी किलोवर मिळणारे गठ्ठे स्वतः उपसायचे, डोळ्यांत चमक दिसू द्यायची नाही, आणि 'कॉमिक्स आहेत का' असं विचारायचं नाही, विचारलं की भाव वाढतो. पहिल्या दुकानात काही नव्हतं. दुसऱ्यात दिवाळी अंकांच्या खाली तीन चाचा चौधरी निघाले, हिंदी, डायमंड कॉमिक्सचे. प्राण यांचा साबू बघितला की अजून बरं वाटतं. घेतले, कारण रविवारी ते कुणाला तरी लागणार हे माहीत होतं. आता रद्दीतही जुनं काही फारसं येत नाही. इमारतींचा पुनर्विकास सुरू झाला की लोक माळे रिकामे करतात, तेवढ्या महिन्यात काय हाती लागेल ते. दुकानदार म्हणाला, "ताई, बिल्डिंग खाली होताना या, नंतर येऊन उपयोग नाही." नौपाडा, पाचपाखाडी भागात सध्या जिकडेतिकडे पत्रे ठोकलेले दिसतात. प्रत्येक पत्र्यामागे एक माळा होता हे विचार करण्यासारखं आहे.

संध्याकाळी वसंत विहारला डॉक्टरताईंकडे. त्या दिवशी त्यांच्याकडे हळदीकुंकू होतं. वाण म्हणून त्यांनी बायकांना अमर चित्र कथेचा एकेक नवा अंक लुटला, ही कल्पना मला फार आवडली. बायका गेल्यावर आम्ही दोघी त्यांच्या कन्सल्टिंग रूममधल्या रॅककडे वळलो.

ताईंचा संग्रह अमर चित्र कथा आणि टिंकल या मुलांच्या नियतकालिकाचा. काकांच्या आणि त्यांच्या कपाटांना जोडणारा माणूस एकच, अनंत पै. इंद्रजाल सुरू झालं तेव्हा ते टाइम्समध्येच होते. 1967 मध्ये त्यांनी इंडिया बुक हाउसबरोबर अमर चित्र कथा उभी केली. आज ज्याला आपण पहिला अंक समजतो तो 'कृष्ण' मुळात 11 व्या क्रमांकाचा. आधीचे दहा अंक परदेशी परीकथांचे होते, कन्नडमध्ये निघालेले. 'कृष्ण'ची चित्रं राम वाईरकरांची. पुढे टिंकलमध्ये सुपंडीही त्यांनीच काढला, आणि शिकारी शंभू वसंत हळब्यांनी. प्रताप मुळीक, दिलीप कदम, प्रदीप साठे, ही नावं एका पाठोपाठ घेतली की लक्षात येतं, साऱ्या देशातल्या मुलांनी जे राम-कृष्ण-शिवाजी डोळ्यांपुढे आणले त्यांतले कितीतरी आपल्या मराठी चित्रकारांच्या कुंचल्यातून आले. याचा मला अभिमान आहे आणि तो मी कुठेही बोलून दाखवते.

अमर चित्र कथेत संख्या सांगणं सोपं, पण छपाई ओळखणं अवघड. एकाच अंकाच्या पुन्हा पुन्हा आवृत्त्या निघाल्या, मुखपृष्ठं बदलली, पुढे क्रमांकही बदलले. 'कृष्ण' आता 501 आहे. ताई आवृत्ती ठरवतात ती पुठ्ठ्यावरची किंमत आणि अंकांची छापील यादी बघून. यादी ज्या नावापाशी थांबते, त्याच्या आसपासच्या काळातली ती छपाई. त्यांनी चार 'शिवाजी' ओळीनं मांडले. मला आधी तीन सारखेच वाटले. पंधरा मिनिटांनी चारही वेगळे दिसायला लागले: एकात निळा जास्त, एकात अक्षर जाड, एकात कागद जवळजवळ खरखरीत.

टिंकल त्यांच्याकडे नोव्हेंबर 1980 च्या पहिल्या अंकापासून आहे, पण बांधलेलं. त्यांच्या वडिलांनी दर वर्षी बाइंडरकडे देऊन लाल कापडी पुठ्ठा घालून घेतलेला. यावरून आमच्यात नेहमीचा वाद झाला. बाइंडर कडा कापतो, चित्राचा काठ जातो, पिना काढतो, मधली चौकट शिवणीत दडते. बाजारात बांधलेल्या अंकाला किंमत नाही. ताईंचं म्हणणं, "बांधले म्हणून तर उरले. सुटे असते तर मीच लहानपणी हरवले असते." मला पटलं. बांधलेला संच सोडवून सुटे अंक विकणाऱ्यांची मला चीड येते. आईवडिलांनी एका मुलासाठी वर्षभराचे अंक जपून बांधले, ही त्या संग्रहाची स्वतःची हकिकत आहे, ती उसवून काय मिळतं?

जपण्याविषयी ताईंना सगळ्यात जास्त कळतं, म्हणून तिथे मी वही काढली. स्वस्त छापील कागद लाकडाच्या लगद्याचा असतो, त्यातल्या लिग्निनमुळे आणि आम्लामुळे तो पिवळा पडून ठिसूळ होतो. हे थांबवता येत नाही, लांबवता येतं. उजेड नको, दमटपणा नको. ठाणे म्हणजे खाडी, तलाव आणि चार महिने पाऊस, त्यामुळे पिना गंजतात आणि गंज कागद खातो. बाजारातल्या मऊ पीव्हीसीच्या पिशव्या वाईट, त्या काही वर्षांत शाईला चिकटतात. पॉलिप्रोपिलीनच्या चालतात, पॉलिएस्टरच्या उत्तम. आतला पुठ्ठा आम्लरहित हवा. सिलिका जेलच्या पुड्या ठेवायच्या आणि अधूनमधून तापवून सुकवायच्या. फाटलेल्या पानाला सेलोटेप कधीच नाही, तिचा डिंक तपकिरी होऊन आरपार जातो. लॅमिनेशन तर अजिबात नाही. ताईंकडे कुणीतरी प्रेमानं लॅमिनेट करून दिलेला एक अंक आहे, आत चित्रं आणि प्लॅस्टिक एक झालेली. तो हातात घेतला तेव्हा वाईट वाटलं.

शनिवार: ऐरोली

ट्रान्स-हार्बर लोकलनं ऐरोली जवळच. आयटीत काम करणारा हा मुलगा तिशीचा असेल, मला ताई म्हणतो आणि फोनवर तासन्‌तास बोलतो. त्याचा संग्रह अमेरिकन. दारातून आत गेलं की भिंतीला लागून पांढऱ्या पुठ्ठ्याच्या लांबलचक पेट्या, लाँगबॉक्स म्हणतात त्या. एकेका पेटीत दोनशेच्या वर अंक, प्रत्येक अंक पिशवीत, मागे पुठ्ठा. आकड्यात तो आम्हा सगळ्यांच्या पुढे आहे. लॅपटॉपवर यादी आहे, शोधपट्टीत नाव टाकलं की पेटीचा क्रमांक येतो.

त्याच्याच तोंडून मी जगातल्या सगळ्यात मोठ्या संग्रहाविषयी ऐकलं. कॅलिफोर्नियातल्या बॉब ब्रेटॉल यांच्याकडे 2015 मध्ये गिनीजनं मोजले तेव्हा एक लाखाहून जास्त वेगवेगळी कॉमिक्स होती. दुबार धरायचे नाहीत, असा नियम. मला तो नियम आवडला. आपल्याकडे बरेच जण आकडा सांगताना दुबार, फाटके, मुखपृष्ठ नसलेले सगळे एकत्र मोजतात.

त्याच्या उत्तम चिजा त्यानं शेवटपर्यंत राखून ठेवल्या होत्या. आधी 1991 चा एक्स-मेन क्रमांक 1 दाखवला, ख्रिस क्लेअरमाँट आणि जिम ली यांचा, पाचही मुखपृष्ठांसकट. या अंकाच्या 80 लाखांहून जास्त प्रती खपल्या. तेव्हा अमेरिकेत लोकांनी पुढे भाव येईल म्हणून खोक्यांनी घेऊन ठेवला, आणि सगळ्यांनीच जपून ठेवल्यामुळे त्याला भाव आला नाही. मग त्यानं 1974 चा हल्क क्रमांक 181 काढला. यात वुल्व्हरिन पहिल्यांदा पूर्ण गोष्टीत येतो. प्रत साधीच, कणा चुरगळलेला, कोपरा गेलेला. पण त्यानं पिशवीतून काढून वाचकांच्या पत्रांचं पान उघडलं: तिथलं मार्व्हल व्हॅल्यू स्टँप शाबूत होतं. त्या वर्षी अंकांत असे छापील तिकिटासारखे चौकोन असायचे, मुलांनी कापून वहीत चिकटवायचे. कित्येक मुलांनी ते कापले, त्यामुळे आज घेणारा आधी ते पान बघतो. मला लगेच काकांकडचे, कोडं कापून घेतलेले मराठी अंक आठवले. कुठलंही मूल कात्री घेऊन तेच करतं. मी त्याला ते सांगितल्यावर तो खूप वेळ त्याच विषयावर बोलत राहिला.

मग आमचं गाडं आलं स्लॅबवर. सीजीसी नावाची संस्था दहापैकी गुण देऊन अंक कडक पारदर्शक प्लॅस्टिकमध्ये बंद करते. 1938 चं ॲक्शन कॉमिक्स क्रमांक 1, सुपरमॅनचा पहिला अंक, मूळ किंमत 10 सेंट. त्याची अशीच एक साडेआठ गुणांची प्रत 2024 मध्ये 60 लाख डॉलरला गेली. ऐरोलीच्या मुलाकडे स्लॅब दोनच आहेत आणि ते त्यानं देवघराशेजारच्या फळीवर ठेवले आहेत. मी स्पष्ट म्हणाले की उघडता येत नाही ते कॉमिक मला अर्धंच वाटतं. तो म्हणाला, "ताई, वाचायची प्रत वेगळी आहे माझ्याकडे. ही पुढच्या माणसासाठी." यावर मला उत्तर सुचलं नाही, आणि आजही मी यावर विचार करते आहे. पुढच्या माणसासाठी ठेवणं ही मोठी गोष्ट आहे. पण मराठी इंद्रजालचा जो अंक आख्ख्या महाराष्ट्रात मोजक्याच घरांत उरला असेल, तो प्लॅस्टिकमध्ये बंद करण्याआधी त्याचं पान न्‌ पान कुणीतरी स्कॅन केलेलं हवं, यावर आमचं एकमत झालं. त्याच्याकडे सपाट स्कॅनर आहे, अंक न दाबता करता येतो. तिथेच रविवारच्या बैठकीला काम मिळालं.

जेवण त्याच्या आईनं केलेलं, शेवग्याची आमटी आणि भाकरी. परतीच्या गाडीला गर्दी नव्हती.

रविवार: बेलापूर

बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज चार्ल्स कोरियांनी आखलेलं. उतरत्या छपरांची घरं, मधोमध सामायिक अंगण, मागे पारसिकची टेकडी. तिथे राहणाऱ्या आजींनी अंगणात सतरंज्या घातल्या होत्या, पण काकांनी ऊन बघून सगळ्यांना आत घेतलं. नौपाड्याचे काका, डॉक्टरताई, ऐरोलीचा मुलगा, मी, शिवाय नेरुळहून राज कॉमिक्सवाला कॉलेजचा विद्यार्थी आणि त्याचे वडील.

आजींकडे 'चांदोबा' आहे. बांधलेले खंड, सासूबाईंनी सुरू केलेले. चांदोबाला कॉमिक्स म्हणायचं का, यावर बैठक सुरू होण्याआधीच मतभेद झाले. चौकटी नाहीत, संवादांचे फुगे नाहीत, म्हणून ऐरोलीचा मुलगा नाही म्हणाला. पण शंकर यांनी काढलेला तो विक्रम, खांद्यावर प्रेत, हातात तलवार, मागे स्मशानातली झाडं, ते चित्र बघून ज्यानं गोष्ट आधीच ओळखली नाही असा मराठी माणूस दाखवा. 1947 मध्ये तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू झालेलं हे मासिक मराठीत आलं तेव्हा कितीतरी घरांत चित्र 'वाचायची' सवय त्यानंच लावली. माझं मत आजींच्या बाजूनं पडलं.

विद्यार्थ्यानं राज कॉमिक्सचा नायक नागराज याचे सुरुवातीचे अंक आणले होते, 1986 चे. काकांना राज कॉमिक्स कधीच आवडलं नव्हतं, त्यांनी शिष्टाचार म्हणून हातात घेतलं. पान उलटलं, थांबले, चष्मा कपाळावर नेला आणि म्हणाले, "हा हात मुळीकांचा आहे." होताच. अमर चित्र कथेत काम करणाऱ्या प्रताप मुळीकांनीच सुरुवातीचा नागराज काढला. ताईंनी आपला 'शिवाजी' शेजारी ठेवला. मनगटाचं वळण, घोड्याची मान, पटक्याच्या घड्या. दोन वेगळ्या प्रकाशकांचे, दोन वेगळ्या पिढ्यांनी जपलेले अंक एका सतरंजीवर शेजारी आले तेव्हा कुठे हे दिसलं. विद्यार्थ्याच्या वडिलांनी, जे मुलाला नुसतं सोडायला आले होते, दोन्ही अंकांचे फोटो काढले. माझे चाचा चौधरी त्यांनीच घेतले.

दुपारनंतर वह्या उघडल्या. मी सुचवलं की आकडे कुणीच सांगायचे नाहीत, प्रत्येकानं फक्त मराठी इंद्रजालचे नंबर वाचायचे. काका वाचत, मी खुणा करत, ऐरोलीचा मुलगा लॅपटॉपवर भरत. ताईंकडे मराठी इंद्रजाल नाहीत असं त्या समजत होत्या, पण टिंकलच्या एका बांधीव खंडाच्या शेवटी वडिलांनी पाच अंक घालून ठेवलेले निघाले. त्यातले दोन काकांच्या नसलेल्या अंकांच्या बुकातले. काका काही बोलले नाहीत, त्यांनी बुक ताईंच्या पुढे सरकवलं आणि नंबरावर बोट ठेवलं. ताई म्हणाल्या, "खंड उसवणार नाही, पण स्कॅन हवं तेवढं करा." काकांना ते पुरेसं होतं. त्यांनी बुकात त्या दोन नंबरांपुढे 'आहे' लिहिलं, आणि खाली 'वसंत विहार'.

सगळं एकत्र केल्यावर जे दिसलं ते मला महत्त्वाचं वाटतं. प्रत्येकाला जे अंक दुर्मीळ वाटत होते ते बहुतेक दोघातिघांकडे निघाले, कारण दुर्मीळ म्हणून सगळ्यांनीच ते जपले. आणि जे सगळ्यांनी 'कुठेही मिळतील' म्हणून सोडून दिले, ऐंशीच्या दशकातले, आठवड्याला निघणारे साधे अंक, त्यांच्या मोठाल्या रांगा रिकाम्या होत्या. तो काळ आमच्या शाळेचा. हे अंक आम्हीच वाचले, आम्हीच फाडले.

संध्याकाळपर्यंत काम वाटून घेतलं. नमुना काकांचा तक्ता, रकाने तेच, त्यात 'स्कॅन झाले' हा एक वाढवला. स्कॅन फक्त आमच्या आपापल्या जतनासाठी, विकायचे नाहीत, छापायचे नाहीत, हक्क ज्यांचे त्यांचे. काका वेताळ बघतील, ऐरोलीचा मुलगा मॅन्ड्रेक आणि फ्लॅश गॉर्डन, बहादूर माझ्याकडे. नेरुळचे वडील पेण-महाडकडचे आहेत, ते गावाकडच्या माळ्यांवर चढतील. आजींनी शेजारच्या चार घरांत विचारायचं कबूल केलं. पावसाळ्याआधी जेवढं स्कॅन होईल तेवढं उरकायचं, जूनपासून कपाटं बंद. नाशिक, सिन्नर आणि येवल्याच्या रद्दीवाल्यांकडे मी होळीच्या आत जाऊन येणार आहे; ज्या कुणाच्या घरी मराठी इंद्रजालचा एखादा अंक असेल, कितीही फाटका, त्यांनी तो टेप न लावता तसाच ठेवावा आणि त्यावरचा नंबर लिहून ठेवावा.